वर्षाच्या आत

नावाची पट्टी बोटभर लांबीची होती. पांढऱ्या सुती फितीवर निळ्या धाग्याने विणलेली अक्षरं… शाळेच्या ब्लेझरच्या कॉलरला ती टाचताना मालविकाची सुई थांबली, कारण पट्टीवर राल्फचं नाव नव्हतं, आडनावही नव्हतं, नुसतं ‘हारकोम’ होतं. जूनमध्ये सासरे वारले, त्यांचं उमरावपद मिळून नवरा ह्यू अर्ल झाला, आणि वारसाला मिळणारं व्हायकाउंट हारकोम हे नाव धाकट्या, आठ वर्षांच्या राल्फकडे आलं. पट्ट्या सासूबाईंनी मागवल्या होत्या, दोन्ही मुलांच्या. दुसऱ्या पुडक्यावर साधं ‘व्ही. थॉर्नली’. वेद. अकरा वर्षांचा, थोरला.

वेदचा जन्म आईवडिलांच्या लग्नाच्या चार महिने आधीचा. मागाहून लग्न झालं की मूल कायद्याने औरस ठरतं, बाकी सगळ्या बाबतींत ठरतं, फक्त उमरावपद मिळायला नाही. आणि हे घर, ही जमीन, समोरची बीच वृक्षांची रांग — सगळं त्या पदाला बांधलेलं. वकिलांनी हे चहाचा कप हातात धरून, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं होतं. “यात कुणाचा दोष नाही, मॅल्व्हिका,” सासूबाई म्हणाल्या होत्या. त्या खरंच प्रेमाने म्हणाल्या होत्या, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

वेदला आज सांगायचं होतं. सांगणार होता ह्यू. पण तो सकाळीच लंडनला निघून गेला, जाताना म्हणाला, संध्याकाळी बघू… जूनपासून संध्याकाळी बघूच चाललं होतं.

खाली मागच्या दारापाशी कुणीतरी बूट पुसले. एकदा, दोनदा, तीनदा. मालविकाने मान वर केली नाही. खाली कुणी नसणार हे तिला माहीत होतं. बाबा या घरात एकदाच आले होते, लंडनच्या कडेला स्टॅनमोरमध्ये माहेरचं घर, तिथून, आईने इस्त्री केलेला शर्ट घालून. दारात तीनदा बूट पुसले आणि जेवणभर खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. चाळीस वर्षं या देशातल्या हॉस्पिटलात ऑपरेशनं केलेला माणूस. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, “मुलगा चांगला आहे. घर फार मोठं आहे गं.” त्यानंतरच्या मार्चमध्ये ते गेले. आणि अकरा वर्षं ती सगळ्यांना एकच गोष्ट सांगत आली — सासूबाईंना, वकिलांना, ह्यूलाही — की आमच्यात वडील गेले की तीन महिन्यांच्या आत कार्य उरकतात, नाहीतर वर्षभर थांबतात. आम्ही थांबलो. वर्षश्राद्ध झालं आणि एप्रिलमध्ये लग्न केलं. मध्ये डिसेंबरात वेद झाला. ऐकणारा मान हलवायचा. दुसऱ्याच्या धर्मापुढे ही माणसं फार अदबीने वागतात.

पण मे महिना होता ना मध्ये. मेमध्ये तिला दिवस गेल्याचं कळलं होतं, तीन महिने अजून भरले नव्हते. ह्यू म्हणाला होता, पुढच्या आठवड्यात रजिस्ट्री ऑफिसात जाऊ, आपण दोघंच. आणि आई, पांढऱ्या कपाळाने स्टॅनमोरच्या किचनमध्ये कणीक मळता मळता म्हणाली होती, “तुझ्या बाबांना असलं थांबणंबिंबणं पटायचं नाही. माझ्यासाठी थांबू नकोस, करून टाक.” तरी ती थांबली. कशासाठी… तिला ह्यूबद्दल खात्री वाटत नव्हती. या घराबद्दलही नव्हती. एक वर्ष हवं होतं, निघून जायला दार उघडं हवं होतं, आणि ते दार तिने बाबांच्या नावाने उघडं ठेवलं. मेलेला माणूस काय नाही म्हणणार होता.

“आई?”

वेद दारात उभा होता, हातात अर्धा टोस्ट.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला. “राल्फ हारकोम झाला आणि मी नाही. मी ऑनलाइन वाचलं. बिकॉज मी बिफोर द वेडिंग बॉर्न झाला.”

“झालो,” ती सवयीने म्हणाली, आणि तिला स्वतःचीच शरम वाटली.

“झालो. डॅड म्हणाला होता, आजोबा डाय झाले म्हणून तुम्ही वेट केला. सो इट्स बिकॉज ऑफ आजोबा.” त्याने खांदे उडवले. “इट्स फाइन. मी काय त्यांच्यावर रागावला नाही. मी तर त्यांना बघितला पण नाही.”

हो म्हणणं किती सोपं होतं. तो मोठ्या मनाने माफ करत होता, एका अशा माणसाला ज्याने काहीच केलं नव्हतं.

“आजोबांमुळे नाही,” मालविका म्हणाली. “आजी तर म्हणाली होती, लगेच कर. मी थांबले. मला नक्की ठरवता येत नव्हतं.”

“काय?”

“डॅडशी लग्न करायचं की नाही ते.”

वेदने टोस्टचा घास घेतला, सावकाश चावला. “डॅडला माहीत आहे?”

“नाही.”

त्याला राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं, रडला असता तर जवळ घेता आलं असतं. पण त्याने खाली पडलेले टोस्टचे कण वाकून वेचले, एकेक, तळहातावर — या घरात आजवर त्याने असं कधी केलं नव्हतं — आणि सरळ उभा राहून विचारलं, “आई, मी लायब्ररीत जाऊ? इज दॅट ओके?”

लायब्ररीत तो रांगायला लागल्यापासून जात होता, कुणाला न विचारता, बूट न काढता.

“जा ना,” ती म्हणाली.

तो गेला. पायऱ्यांवर त्याची पावलं कडेकडेने, जपून पडत होती. ते ऐकताना मालविकाला इतकंच वाटत राहिलं, की ते ‘जा ना’ आपण पाहुण्याला म्हणतात तसं म्हटलं… आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच, या घरातलं कुणीतरी आपल्याला यजमानीण समजलं.