धोळियोची रजा

शालिग्राम एक गोंडा करायला पंधरा दिवस घ्यायचा आणि त्याची त्याला जराही लाज वाटत नसे. सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या ज्या कारखान्यात तो यंत्रमागाचे चार संचे सांभाळायचा, तिथं बारा तासांच्या पाळीत दीडशे मीटर कापड निघायचं. एक संचा घटकाभर थांबला तरी मास्तर डोळे वटारायचा. त्या कापडाचं पुढं काय होतं, ते कोण नेसतं, हे त्याला बारा वर्षांत कळलं नव्हतं. गोंडा मात्र कोणत्या बैलाच्या शिंगाला बांधला जाणार, हे पक्कं ठाऊक असायचं.

सूत कारखान्यातलंच, बॉबिनवर उरलेलं, फेकायचं. मास्तरला विचारून तो ते पिशवीत भरून आणायचा. सुट्टीच्या दिवशी चाळीतली बाकीची माणसं भाड्यानं व्हिडिओ आणून पिक्चर बघायची, नाहीतर दुपारपर्यंत घोरत पडायची. हा उंबऱ्यात बसून मांडीवर सूत वळायचा. एक पीळ मनासारखा बसला नाही तर अख्खी दोरी उकलायचा. वर्षभरात दोन बैलांचा साज पुरा व्हायचा: तोंडावरच्या मोरख्या, कपाळावरच्या माथोट्या, शिंगांचे गोंडे. मग पोळ्याला तीन दिवसांची रजा काढायची, उधन्याहून गाडीत बसायचं, अमळनेरला उतरायचं आणि धाकट्या भावाच्या, धुडकूच्या, बैलांना आपल्या हातानं सजवायचं. वर्षातून एवढा एकच सण तो मनापासून जगायचा.

शहाण्णव साली श्रावणात धुडकूचं पत्र आलं. बैलजोडी विकली, ट्रॅक्टर घेतला, पोळ्यासाठी यायची दगदग करू नकोस. पत्रात ट्रॅक्टरचा रंगही लिहिला होता.

शालिग्रामला राग आला नाही. ट्रॅक्टरनं भावाची कंबर वाचणार, हे त्यालाही कळत होतं. पण वर्षभर वळलेला साज त्यानं पिशवीत घातला आणि तिचं तोंड बांधून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्याच्या शेठला सांगितलं, मागितलेली तीन दिवसांची रजा आता नको, सणाचा एक दिवस पुरे. शेठ भलताच खूश झाला.

"हाई आते कोणले घालशात?" साजाची पिशवी उचलून मालतीबाईनं, त्याच्या बायकोनं, विचारलं. टोमणा नव्हता तो. तिलाही वाईट वाटलं होतं.

उत्तर पोळ्याच्या आदल्या दिवशी गल्लीतच चालत आलं. घासलेटवाला छगन रोज टाकीची गाडी घेऊन यायचा. गाडीला एकच बैल, पांढरा, म्हाताऱ्या शिक्षकासारखा गंभीर. छगन त्याला धोळियो म्हणायचा. शालिग्रामनं तो बैल हजारदा पाहिला होता, पण त्याच्या शिंगांची मापं डोळ्यांनी घेतली ती त्या दिवशी.

त्यानं छगनला पोळा समजावून सांगितला. आज बैलाचा खांदा तूप-हळदीनं मळायचा, त्याला आवतन द्यायचं. उद्या अंघोळ, साज, पुरणपोळी. आणि उद्या दिवसभर मानेवर जू ठेवायचं नाही.

सजवायला छगन लगेच तयार झाला. जुवाचं ऐकून मात्र हसायला लागला.

"भाई, मारो बळद रजा पर, तो गाडी कोण खेंचे? तुमारीच बाई लोक सुबह छे बजे डबा लेके खडी रहती. पुरण क्या हवा पर पकाएगी?"

छगनचं खोटं नव्हतं. चाळीतल्या निम्म्या स्टोव्हांत घासलेट नव्हतं, मालतीबाईच्या तर थेंबभरही नव्हतं. म्हणजे बैलाला पुरणपोळी भरवायची म्हणून त्याच बैलाला सणाच्या दिवशी जुंपायचं. शालिग्रामला हे काही केल्या पटेना. नुसता साज चढवून बैलाला कामाला लावायचं, तर तो पोळा कसला? त्यापेक्षा पिशवी बंदच राहिलेली बरी.

"गाडी मी ओढतो," तो म्हणाला.

छगननं त्याच्याकडे नीट बघितलं. गडी थट्टा करत नव्हता. मग त्यानं टाकीवर थाप मारून सांगितलं, भरलेली असते बरं का.

संध्याकाळी शालिग्राम वाटीत तूप-हळद घेऊन छगनच्या झोपडीवर गेला. जुवानं धोळियोच्या मानेला घट्टे पडले होते. त्यानं ते सावकाश चोळले आणि बैलाच्या कानाशी वाकून म्हटलं, "आज आवतन ल्या, सकाय जेवाले या." आज निमंत्रण, उद्या जेवण. धोळियोनं कान हलवला.

पोळ्याच्या सकाळी गल्लीनं जे पाहिलं, ते पुढं बरेच दिवस पुरलं. पुढं शालिग्राम, खांद्यावर गोणपाट, त्यावर गाडीचं जू. मागं धोळियो, नवी मोरखी, लालपिवळे गोंडे, मोकळी मान. जोडीतला दुसरा साज उरला होता, तो शेजारच्या प्रमिलाबाईनं शालिग्रामच्या कानाशी जुवाला बांधून टाकला आणि बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्यानं तो सोडला नाही. रातपाळी करून आलेले चाळीतले दगा आणि लोटू आधी हसत उभे राहिले, मग चढावर मागून रेटायला लागले. तीन चाळी झाल्या. एकही डबा रिकामा परत गेला नाही. दुपारी धोळियोनं मालतीबाईच्या हातच्या पाच पोळ्या खाल्ल्या आणि सहावीला तोंड फिरवलं.

शालिग्रामला इतका आनंद गावच्या पोळ्यातही झाला नव्हता. खांदा मात्र सोलून निघाला होता. संध्याकाळी तो उंबऱ्यात बसून सदरा खांद्यापासून सोडवत होता, तेव्हा मालतीबाई कालचीच वाटी घेऊन आली.

"खांदा दखाडा."

तूप कोमट केलेलं होतं. तिनं हळद कालवली आणि चोळायला लागली, आधी सोललेल्या कातडीच्या कडेनं, मग मानेवर, मग दुसऱ्या खांद्यावरही. तिथं आज काही लागलं नव्हतं. तिथं बारा वर्षांचं जुनं दुखणं होतं, तिला ठाऊक असलेलं. ती त्याच्या कानाशी वाकली.

"आज आवतन ल्या, सकाय जेवाले या."

शालिग्राम हसला. "सकाय माले पाळी शे."

"रजा तीन दिनन्ही मांगेल व्हती ना तुम्ही? सकाय खांद्यावर जू नही."

हे तिनं थट्टेत म्हटलेलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि तिला ते पुसता आले नाहीत, कारण तिचे हात तुपाचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भोंगा झाला. चाळीतली माणसं डबे घेऊन निघाली. शालिग्रामनं भोंगा अंथरुणातच ऐकला, कूस बदलली आणि पुन्हा झोपला. दहा वाजता उठून त्यानं ताज्या पोळ्या खाल्ल्या, चार.