झाडाला बघायला आलेली माणसं

लिंबाजींना म्हैस घ्यायची होती. एसटीत कंडक्टर म्हणून एकतीस वर्षं उभ्यानं काढल्यावर आता अंगणात एक म्हैस असावी, सकाळी तिच्या पाठीवरून हात फिरवावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. गीताबाईंचा विरोध होता. लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघताना, ताडकळसच्या स्टँडवर बसची वाट बघत त्यांनी नवऱ्याला अट घातली.

"घरात ते पांढऱ्या फुलाचं झाड हाय. दोन महिन्यांनी मी येईन तवा ते जित्तं असलं, तर म्हशीचं बघू. ज्याला एक कुंडी सांभाळत न्हाई, तो म्हैस काय सांभाळणार?"

झाड पीस लिलीचं होतं, लेकीनंच दिलेलं. सहा आठवडे ते नीट राहिलं. सातव्या आठवड्यात एका सकाळी त्याची अठराही पानं कुंडीच्या काठावरून खाली लोंबली. लिंबाजी शेजारच्या किराणा दुकानात गेले आणि बसप्पांना म्हणाले, "झाडानं मान टाकली."

बसप्पांच्या दुकानात सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत गावभर होते. आणि घरात कुणी आजारी पडलं की बघायला जावंच लागतं. न गेलं तर पुढं वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. संध्याकाळी बसप्पा आणि त्यांच्या पत्नी महादेवी बिस्किटाचा पुडा घेऊन आले. ओसरीत स्टुलावर कुंडी होती. दोघं तिच्यासमोर बाजेवर बसले.

"कवापासून हाय असं?" बसप्पांनी आवाज खाली आणून विचारलं.

"सकाळपासून."

"परभणीला दाखवलं का?"

"पुतणीला फोन केलाय. ती तिथं माती तपासायच्या लॅबमध्ये हाय. रविवारी येती म्हणली."

महादेवींनी कुंडीवर विभूतीची तीन बोटं ओढली. लिंबाजींच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते, विभूतीशी त्यांचा संबंध नव्हता. पण बघायला आलेल्या माणसाला काही म्हणता येत नाही. त्यांनी दोघांना पाणी दिलं. दोघांनी वरून चार घोट घेतले आणि उरलेलं कुंडीत ओतलं.

हा त्या घराचा नियम होता. नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं, त्यामुळे थेंबही फेकायचा नाही असं गीताबाईंनी सगळ्यांना लावून दिलं होतं. एरवी आठवड्याला दोन-तीन पाहुणे यायचे. झाडाला ते पुरायचं.

रविवारी सुकेशनी आली तेव्हा दारात चपलांचे अकरा जोड होते. आत पलीकडच्या गल्लीतल्या धुरपताबाई कुंडीला पदरानं वारा घालत होत्या.

"परवापस्तोर चांगली उभी होती गं," त्या म्हणाल्या. "काय झालं कुणास ठाऊक."

सुकेशनीनं तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घातली. बोट चिखलानं माखून बाहेर आलं. तिनं वास घेतला.

"काका, हे बुडालंय."

"कुंडीत?"

"मुळांना हवा लागते. चिखलात ती कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं तहानल्यासारखी लोंबतात."

"म्हंजे पाण्यात बसून तहानलंय?"

"हो."

"आमचा जावई असाच हाय," धुरपताबाई म्हणाल्या. "ताटावर बसून उपाशी."

सुकेशनीनं कुंडी आडवी करून खाली बघितलं. भोकात सिमेंट भरलेलं होतं.

"हे कुणी बुजवलं?"

"मी," लिंबाजी म्हणाले. "मागच्या महिन्यात. पाणी खालून वाया जायलं होतं, सुके."

बाजेवर बसून तिनं तासभर मोजणी केली. नऊ माणसं आली. प्रत्येकानं सरासरी पाव ग्लास पाणी कुंडीत ओतलं, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडं कमी. पाण्यानं पानं आणखी लोंबत होती, पानं लोंबली की तब्येत बिघडल्याची बातमी जात होती, आणि बातमी गेली की आणखी माणसं येत होती.

दुपारी तिनं झाड कुंडीतून उपटलं. मुळं धुतली, उकळलेल्या कात्रीनं तपकिरी, लिबलिबीत झालेली कापून टाकली. पांढरी, कडक मुळं तिसरा हिस्साच उरली. पिवळी पानं काढल्यावर सहा राहिली. लहान मातीच्या कुंडीत वाळू आणि नारळाचा भुसा मिसळलेली माती भरून तिनं झाड लावलं आणि अगदी थोडं पाणी शिंपडलं.

"आठ दिवस थेंबही द्यायचा नाही. त्यानंतर बोट घालून बघायचं, वरची माती कोरडी लागली तरच द्यायचं. काकू कधी येणार?"

"पुढच्या सोमवारी," लिंबाजी म्हणाले.

ऑपरेशन झाल्याची बातमी गेल्यावर माणसं दुप्पट झाली. पाथरीहून लिंबाजींच्या एसटीवरचे एक जुने ड्रायव्हर जीप करून आले. कुंडीत पाणी टाकू नका म्हटलं की लोक दुखावत. "आजाऱ्याचं पाणी तोडायलीस?" महादेवींनी सुकेशनीला विचारलं. "शिकून हेच का?"

सोमवारी सुकेशनीनं आठवडाभराची रजा टाकली. लिंबाजींनी अर्धा ग्लास पाणी द्यायला सुरुवात केली, तर धुरपताबाई म्हणाल्या, "कंडक्टरसाहेब, पाणी बी सुट्टं न्हाई का?" उरलेल्या पाण्यासाठी दारात बादली ठेवली. ती भरलेली बघून बसप्पांना वाटलं, झाडाला द्यायचं राहून गेलं असेल. त्यांनी ती उचललीच होती. सुकेशनीनं मधे हात घातला. शेवटी झाड आतल्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. तासाभरात दोन बाया दारात बसून डोळे पुसू लागल्या.

कुलूप काढावं लागलं.

संध्याकाळी काका-पुतणी स्वयंपाकघरात बसले. माणसं थांबवता येत नव्हती, पाणी नाकारता येत नव्हतं आणि फेकताही येत नव्हतं.

"काका, उरलेलं पाणी गावात आणखी कुणाला देतात?"

"जनावराला."

लिंबाजी चेहरा गंभीर ठेवायचा फार प्रयत्न करत होते.

"कुठलं जनावर जास्त पाणी पितं?" सुकेशनीनं विचारलं. हा प्रश्न तिला शास्त्रीय वाटला.

"शेळीला लय लागत न्हाई," लिंबाजी सावकाश म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंगळीहून त्यांचे मित्र सिताराम टेम्पोतून म्हैस घेऊन आले. आठ दिवस ठेवा, पटली तर बोलू, असं ठरलं होतं. ती दाराशी बांधली आणि पुढ्यात घमेलं ठेवलं. येणारा माणूस ओसरीत पाणी पिऊन उठायचा आणि जाताना उरलेलं घमेल्यात ओतायचा. म्हैस ते लगेच संपवायची. बुधवारपासून लोक ओसरीपर्यंत यायचेच बंद झाले. पाणी अंगणातच मागवून ते म्हशीचे दात, कास आणि शेपटीचा गोंडा यांवर बोलत उभे राहायचे. कुंडीकडे कुणी बघेना. माती वरून सुकली. शनिवारी सहातली पाच पानं उभी होती आणि मधून एक नवी सुरळी निघाली होती.

सोमवारी गीताबाई रिक्षातून उतरल्या. अंगणात नऊ माणसं आणि एक म्हैस होती. त्या सगळ्यांना ओलांडून थेट कुंडीपाशी गेल्या. त्यांनी मातीला हात लावला, ती कोरडी होती. त्यांनी तांब्या उचलला.

"नको!" लिंबाजी, सुकेशनी आणि अंगणातून बसप्पा एकदम ओरडले.

गीताबाईंनी तांब्या ठेवला. "ते जनावर कुणाचं?"

लिंबाजींनी सगळं सांगितलं. चपला, सिमेंट, बादली, काही वगळलं नाही. गीताबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे झाड जगलं तर म्हैस, असं मी म्हणलं होतं."

"हो."

"अन् तुमी म्हैस आणली तवा झाड जगलं."

"शास्त्रीय कारण हाय त्याला. सुकेला विचार."

सुकेशनीनं मान हलवली. तिला दुसरं काही करता आलं नाही.

गीताबाई बाहेर येऊन म्हशीसमोर उभ्या राहिल्या. म्हशीनं त्यांच्या पिशवीला तोंड लावलं. तिचं पोट आत गेलेलं होतं. आठवडाभर गावानं तिला पाणी मात्र भरपूर पाजलं होतं.

"अहो," गीताबाई म्हणाल्या, "हिला खायला काय घालायलाव?"

लिंबाजींनी सुकेशनीकडे बघितलं. सुकेशनीनं बसप्पांकडे बघितलं.

गीताबाईंनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि कडबा मागायला धुरपताबाईंच्या घराकडे निघाल्या.