पिवळ्या सुया

बाईंच्या संशोधन गटात कर्तृत्व मोजायची पद्धत सोपी होती. काही घडलं की केक आणायचा, केकच्या मागे उभं राहून फोटो काढायचा आणि तो लॅबबाहेरच्या भिंतीवर लावायचा. कोणाची पीएचडी झाली, कोणाचा लेख छापून आला, नवं यंत्र आलं, जुनं यंत्र पुन्हा सुरू झालं, सगळ्याला केक. मधोमध मोठ्या चौकटीत मात्र एकटा पिवळ्या सुयांचा फोटो होता. तिथे माणसंही नव्हती आणि केकही.

त्या सुया म्हणजे बाईंचं नाव. त्यांनी घडवलेल्या रेणूचे स्फटिक सुईसारखे वाढायचे आणि अंधारात यूव्ही दिवा धरला की हिरवे लखलखायचे. त्या एका लेखावर बाई प्राध्यापक झाल्या, विभागप्रमुख झाल्या, आणि यथावकाश विभागप्रमुखपदाला कंटाळल्याही.

मग एका सकाळी बीकरमध्ये सुयांऐवजी पांढरे पापुद्रे आले. रेणू तोच, रचून बसायची तऱ्हा निराळी. त्याच विटांची दुसरी भिंत. पापुद्रे चमकत नसत. बाईंनी ते फेकून दिले आणि भांडी नीट घासा म्हणून सुनावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पापुद्रे. दुसऱ्या खोलीत केलं, तिथेही पापुद्रे. दुधात विरजणाचा थेंब पडावा तसं झालं होतं. डोळ्याला न दिसणारा एक कण पुरत होता, आणि तो आता सगळ्यांच्या केसांत, बाह्यांत, चपलांत जाऊन बसला होता. गटानं भांडी अ‍ॅसिडमध्ये उकळली, छत पुसलं, पडदे जाळले. एका विद्यार्थ्यानं डोक्याचा गोटा केला, त्याचाही केक झाला. पापुद्रे काही हटले नाहीत, जपून ठेवलेल्या जुन्या सुयाही पापुद्रे होऊन बसल्या.

त्यात बाईंनी मोठ्या मनानं जगभर नमुने वाटले होते. म्हणजे विरजण टपालानं घरपोच गेलं होतं. कोणालाच सुया मिळेनात. शेवटी कोणीतरी नियतकालिकाला लिहिलं की अशा सुया मुळात होत्या का? जुने क्ष-किरण आलेख आहेत खरे, पण आलेख काय, काढावेत तसे निघतात. हे सगळं अत्यंत सभ्य भाषेत होतं. संपादकांनी बाईंना कळवलं: वर्षअखेरपर्यंत सुया करून दाखवा, नाहीतर लेख मागे घ्यावा लागेल. बाईंची निवृत्तीही वर्षअखेरच होती. खोटारडी म्हणून घरी जावं लागेल, हा विचार सारखा यायचा. तो आला की त्या कोणाला तरी भांड्यांवरून झापायच्या.

गटाची बैठक बसली. सातव्या वर्षीही पीएचडी करत असलेला एक विद्यार्थी होता, त्याला सगळे मुकादम म्हणत. तो म्हणाला, "आपल्यापैकी कोणी कधी पाऊल ठेवलं नाही अशी जागा पाहिजे. आणि माणूस असा, की ज्याला सुया करता येतात, पण जो पापुद्र्यांच्या आधी इथून गेला."

"असे माझे डझनभर विद्यार्थी आहेत."

"ते सगळे पापुद्र्यांनंतर तुमच्या साठीला आले होते, बाई. गळाभेटी झाल्या. केकचा फोटो आहे."

"मग आमचे यजमान? त्यांनी लॅब बघितलेलीसुद्धा नाही. शिकवू त्यांना."

"ते रोज तुमच्याबरोबर जेवतात."

"रोज नाही," बाई म्हणाल्या.

मुकादमानं घसा खाकरला. "एक जण आहेत. त्यांना आपण कधी कशालाच बोलावलं नाही. त्यांच्या लग्नाचं आमंत्रण आलं होतं, तरी कोणी गेलं नाही. त्या दृष्टीनं ते अगदी स्वच्छ आहेत."

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

तो बाईंचा पहिला विद्यार्थी. अंगानं काडी, म्हणून नाव पहिलवान. पहिल्या सुया त्यानं वाढवल्या होत्या. लेख छापायच्या वेळी त्यानं आपलं नाव पुढे असावं असं म्हटलं, तेव्हा बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "हात तुझे असतील, डोकं माझं आहे." तो तडक निघून गेला. आता दूरच्या एका सिमेंट कारखान्याची चाचणी-प्रयोगशाळा सांभाळत होता.

बाईंनी दार लावून फोन केला.

"मी बोलतेय."

"ओळखलं, बाई."

बाईंनी सगळं सांगितलं. पलीकडून पहिलवान म्हणाला, "म्हणजे आपलं भांडण झालं नसतं, तर मी आज काही कामाचा नव्हतो."

"नव्हतास," बाई म्हणाल्या. "हात तुझे होते. डोकंही बरंचसं तुझंच होतं. मला तेव्हा ते म्हणवलं नाही."

"आणि आता म्हणवतंय, ते सुया पाहिजेत म्हणून?"

"हो. नाहीतर मी फोनच केला नसता. पण जे म्हटलं ते खरं आहे."

पलीकडे दार लावल्याचा आवाज झाला आणि मागचा कारखाना ऐकू येईनासा झाला. मग तो म्हणाला, "मी सगळं नवं मागवून घेतो. तुम्ही काही पाठवू नका. कागदसुद्धा नको."

महिनाभरानं त्याचा फोन आला. सुया आल्या होत्या. सिमेंट तपासायच्या क्ष-किरण यंत्रावर त्यानं त्या तपासल्या, आलेख जुन्याशी तंतोतंत जुळला, आणि त्यानं तो परस्पर संपादकांना पाठवला. लेख बचावला. बाईंनी संपादकांना कळवलं की नावांचा क्रम छापताना चुकला होता, तेवढा सुधारावा. गटानं केक आणला. फोटो काढताना बाई रडल्या, म्हणून तो दोनदा काढावा लागला.

त्यानंतर एकदा पहिलवान फोनवर म्हणाला, "बघायला कधी येताय?"

"वेडा आहेस का? मी आत पाऊल टाकलं की खेळ खलास. तुझ्याकडेही पुन्हा कधी होणार नाहीत."

"माहितीये."

"अरे, जगात तेवढी एकच जागा उरलीय. लोक तुझ्याकडे नमुने मागत असतील."

"मागतात ना. नाव झालंय माझं. पण बायको विचारते, त्या तुझ्या बाई आपल्याकडे कधीच का येत नाहीत. तिला काय स्फटिकशास्त्र सांगू?"

शेवटी बाई त्याच्याकडे गेल्या. निघण्यापूर्वी दोनदा न्हाल्या, नवे कपडे घातले, नव्या चपला घेतल्या. कशाचाही उपयोग नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? कारखान्याच्या आवारात त्या दारापासून दहा पावलांवर थांबल्या.

"तू बाहेर आण. मी इथूनच बघते."

पहिलवान आता चांगलाच सुटला होता. त्यानं दार सताड उघडलं आणि हातानं धरून ठेवलं.

"आत या, बाई."

त्या आत गेल्या. त्यानं दिवे मालवले, यूव्ही दिवा धरला, सुया हिरव्या लखलखल्या. बाईंनी त्या पाहिल्या आणि मग बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या बायकोनं जेवल्याशिवाय सोडलं नाही.

आठवड्याभरानं फोन आला.

"बाई, पापुद्रे आले."

"येणारच होते," बाई म्हणाल्या.

"हं," पहिलवान म्हणाला. "मग आता कधीही या."