धवलारणीचे पाय

कोलशेतची सखुबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या घरी लग्न निघालं की मांडवात तिला आधी पाट मिळे, कारण तिनं धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हटल्याशिवाय लग्न लागत नसे. आवाज अजून खणखणीत होता. पाय मात्र गेले होते. उभी हयात मिठागराच्या खाऱ्या पाण्यात उभं राहून काढलेली. आता मांडी घालून बसलं की पोटऱ्यांत गोळे येत आणि ती दात आवळून पाय धरून बसे.

तिची सून तुळसा बाळकुमची. माहेरी तुळसाच्या भावाचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "धवल्यांना माझी सासू येईल. दुसरीला बोलवू नका."

लग्न दोन दिवसांवर आलं आणि सखुबाईच्या पायांच्या दुखण्यानं जोर धरला. तुळसा ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथला कंपाउंडर गोविंदा म्हणाला, "पोट साफ नसलं की पायात असे गोळे येतात, असं डॉक्टरसाहेब म्हणतात." त्यानं दोन बरण्या पुढं ठेवल्या. एकीत काचेसारखे खडे, दुसरीत पांढरी, हलकी भुकटी. "हे खडे म्हणजे जुलाबाचं विलायती मीठ. जोरकस आहे, म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही. ही मॅग्नेशियाची भुकटी सौम्य. चिमूटभर दुधातून द्या. पण गुण सावकाश येईल."

"सावकाश म्हणजे कधी?"

"आठ-दहा दिवस तरी."

तुळसाला तेवढा धीर नव्हता. "दुखणं मलाच आहे," ती खोटंच म्हणाली, "मी सोसेन." आणि खडे घेऊन आली. लग्नाच्या दिवशी पहाटे तिनं ते पाण्यात विरघळवून सासूला दिले, आणि लवकर गुण यावा म्हणून गोविंदानं सांगितल्यापेक्षा जास्तच दिले. सखुबाईनं कडू तोंड करून सगळं पिऊन टाकलं.

मांडवात धवले सुरू झाले. बायका ओळीमागून ओळ झेलत होत्या. अर्ध्यातच सखुबाईचा आवाज थांबला. ती उठू लागली, पण पायात गोळा आला होता, पाय टेकेना. पाटावरून दोन पावलं गेली आणि तिथंच, सगळ्या बायकांसमोर, तिचं लुगडं भरलं.

कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं. तुळसाची चुलती लक्ष्मी म्हणाली, "काय झालं गो हिला?"

तुळसाचे कान तापले. सासूला धरायला जायचं सोडून ती म्हणाली, "वय झालंय. घरीपण असंच होतं."

घरी असं कधीच झालं नव्हतं. सखुबाईनं मान वळवून सुनेकडं पाहिलं आणि खाली बघितलं. परसातल्या पाण्याच्या डोणीवर ती एकटीच लुगडं धूत बसली. उरलेले धवले दुसऱ्याच कुणी म्हटले.

त्यानंतर धवल्यांचं बोलावणं आलं की सखुबाई म्हणे, "आता नको. दुसरी बघा." सुनेला ती एका शब्दानं बोलली नाही. ते तुळसाला जास्त जड गेलं.

ती पुन्हा ठाण्याला गेली आणि मान खाली घालून भुकटी मागितली. गोविंदानं विचारलं, "खड्यांनी त्रास झाला का?" तिनं पुडी पदराच्या गाठीत बांधली.

रात्री तिनं दुधात चिमूट घालून वाटी पुढं केली. सखुबाईनं काय आहे ते विचारलंही नाही. वाटी घेतली आणि प्यायली. तुळसाला वाटलं, हिनं वाटी भिरकावली असती तर बरं झालं असतं.

हळूहळू पायांना आराम पडला. मग एके सकाळी तुळसा बाळकुमला गेली आणि विहिरीवरच्या बायकांसमोर, लक्ष्मीसमोर, बोलली. खडे आपण आणले, नको म्हटलेले असताना दिले, जास्त दिले, आणि वर खोटं बोललो. कुणी हसलं नाही. तिच्या आईनं नुसती घागर उचलली आणि तिच्याकडं न बघता निघून गेली.

तुळसा परत आली तोवर गोष्ट खाडीवरून येणाऱ्या मासळीवालीनं कोलशेतला पोचवली होती. सखुबाई ओट्यावर बसली होती.

"बाळकुमला सांगून आलीस?"

"हो आये."

"मला कधी सांगणार होतीस?"

गावासमोर बोलायचा धीर तुळसानं गोळा केला होता. या एका बाईसमोर बोलायचा तिला झाला नव्हता. ती ओट्याच्या पायरीवर बसली आणि रडू लागली.

सखुबाईनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "शेजारच्या काळुरामच्या पोरीचं लग्न आहे. परत विचारायला आला होता. मी हो म्हटलं. तू माझ्या मागं बसायचं. पायात गोळा आला तर सगळ्यांदेखत चोळायचा."

त्या लग्नात बायकांच्या नजरा धवलारणीपेक्षा तिच्या मागं बसलेल्या सुनेवर जास्त होत्या. तुळसानं मान वर केली नाही. धवले रंगात आले तेव्हा सासूची पोटरी तिच्या हाताखाली कडक झाली. सखुबाईनं ओळ न तोडता पाय किंचित मागं सरकवला, आणि तुळसा तो चोळत राहिली.