तुझं नाव कुणाला कळणार नाही

संतरा चपला दाराबाहेर काढून आत आली, पण रोजच्यासारखी कोनाड्यातली पाटी घ्यायला गेली नाही. तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कलावतीबाईंनी ओळखलं.

"अम्माजी, माझी ती तक्रार परत घ्या," संतरा हिंदीत म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. दोन वाजता मला पाळीवर जायचंय."

संतरा मूळची जयपूरजवळच्या बस्सी गावाकडची. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात पत्र्याची झाकणं कापणाऱ्या एका कारखान्यात ती प्रेस मशीनवर बसायची. दुपारच्या पाळीला जायच्या आधी तासभर कलावतीबाईंकडे अक्षरं गिरवायला यायची. पाच महिन्यांत ती स्वतःचं नाव आणि बसवरच्या पाट्या इथवर आली होती. कलावतीबाई स्वतः छप्पन्नाव्या वर्षी लिहायला शिकल्या. नवऱ्याची, शेषरावांची, रेल्वेतली नोकरी. अकोल्याहून बदली होऊन जयपूरला आले ते इथलेच झाले. अर्ध्याहून जास्त आयुष्य बाईंनी जिथं तिथं अंगठाच उठवला होता. शाई पुसली तरी अंगठ्याची लाज जात नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

म्हणून कारखान्यांतल्या बायकांना त्या घरी अक्षरं शिकवत, आणि सगळं तिथूनच सुरू झालं होतं.

त्यांची नात गौतमी कंपनीत मोबाईलची ऍप बनवते. गेल्या थंडीत तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी ठरवलं, प्रेसवरच्या बायकांसाठी एक ऍप करायचं. हात आत जाऊ नये म्हणून मशीनच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते. जाळीनं काम हळू होतं, म्हणून मालक ती काढून ठेवतात. मग बोटं जातात. अशा मशीनची तक्रार बायकांना गुपचूप करता यावी, एवढंच ऍपचं काम. फोनवर एकामागून एक काय दिसेल ते गौतमीनं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर काढलं आणि ते तुकडे दिवाणावर आजीपुढं मांडले.

"आजी, तू समज तुला वाचता नाही येत. आता बोट ठेव."

"समजाचं काय त्यात? बारा सालाआधी तेच होतं माह्यं," कलावतीबाई म्हणाल्या. एका पुठ्ठ्यावर मोठा रिकामा चौकोन होता. "इथं काय करू?"

"तिथे तक्रार लिहायची."

"लिव्हता आलं असतं तं त्या बाया आपल्याकडं पाटी घेऊन कायले आल्या असत्या? बोलू दे त्यायले. बोलाले कोनाले शाळा लागते?"

शेषराव पेपराआडून म्हणाले, "तुह्या आजीले बोलाले बटन लागत नाही गौतमी, बंद कराले लागते. ते कर पयले."

सगळे हसले. चौकोन गेला आणि तिथं लाल माईक आला. दुसरी सूचनाही आजीचीच. नवरा, नाहीतर ठेकेदार, बाईच्या डोक्यावर बसून तक्रार पुसायला लावेल. म्हणून एकदा केलेली तक्रार कुणाला पुसताच येऊ नये. गौतमीनं आजीला मिठीच मारली. "आजी, मतलब तूच डिझायनर आहेस!" मग तिनं आजीला डोक्यावरून रजई पांघरून बसवलं, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून, आणि ऍपमधली वाक्यं तिच्याच तोंडून हिंदीत बोलून घेतली.

त्रेचाळीस बायकांनी ऍप घेतलं. बोलायला मात्र कुणी धजेना. कलावतीबाईच संतराला म्हणाल्या, तू कर पहिली. संतरा खोलीवर बसून चार मिनिटं बोलली. मशीनचा नंबर सांगितला, जाळी कुठल्या कपाटामागं टाकलीय ते सांगितलं, शेजारच्या बाईची दोन बोटं गेली तो दिवसही सांगितला.

तक्रार सरकारी कचेरीत गेली. नाव नाही, नंबर नाही. कचेरीची रीत अशी, की ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाच तिची प्रत पाठवून खुलासा मागवायचा. प्रतीबरोबर आवाजही गेला. काल जेवणाच्या सुट्टीत मॅनेजरनं फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा करून लावला. घोगरा आवाज, बस्सीकडची बोली. बायकांनी डब्यात माना घातल्या. नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

"पुसून टाक म्हणतात," संतरा म्हणाली. "नाहीतर आज गेटच्या आत घेणार नाहीत."

कलावतीबाईंनी गौतमीला फोन लावला आणि मोठ्यानं ऐकू येईल असा ठेवला.

"आजी, पुसता नाही येत. आपणच तर तसं केलं ना."

"तू बनवलं, तूच काहाडून टाक."

"मी काढलं तरी त्यांच्याकडे कॉपी गेलीय." मग ती एकेक मोजू लागली. "नाव लपवलं, नंबर लपवला, राहायची जागा लपवली. आवाज... आवाजाचं कोणाला सुचलंच नाही, आजी." ती रडत होती.

शेषरावांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

संतराला मराठी कळत नव्हती, पण एवढं कळलं. "पुसता येत नसेल तर दुसरं बोल म्हणालेत. जाळी लावलेली आहे, मी खोटं बोलले, असं."

"लावली का जाळी?"

"नाही."

"मग?"

"दोन पोरी शाळेत आहेत, अम्माजी. दुसऱ्या कुठल्या प्रेसवर घेतलं तरी तिथं काय जाळी असणार आहे?"

'नको बोलू' हे कलावतीबाईंच्या अगदी जिभेवर आलं. ते त्यांनी गिळलं. त्यांनी संतराचा फोन दोन्ही हातांत धरला. संतरानं लाल माईकवर बोट ठेवलं आणि पाठ केलेली कविता म्हणावी तसं म्हणाली, "मशीनवर जाळी आहे. मी चुकीचं बोलले." झालं.

फोनमधून रजईखालचा, मऊ, धीराचा आवाज आला. "घाबरू नको, बहिणी. तुझी तक्रार पोहोचली. तुझं नाव कुणाला कळणार नाही."

कलावतीबाईंना मान वर करवेना.

"हा तुमचाच आवाज ना?" संतरा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मी पहिल्याच दिवशी ओळखला होता. म्हणून तर बोलले."

तिनं फोन घेतला, चपला घातल्या आणि पाळीवर गेली. पाटी कोनाड्यातच राहिली.

गौतमी अजून फोनवर होती. "गौतमी," कलावतीबाई म्हणाल्या, "माहा आवाज तरी काहाड त्याच्यातून."

"काढते. पण ज्यांच्या फोनमध्ये आधीपासून आहे ना, त्यांनी नवीन ऍप घेतलं तरच जाईल."

"अन् नाही घेतलं तं?"



एकेकीला स्वतःच सांगायचं म्हणून कलावतीबाईंनी वही काढली. त्रेचाळीस नावं आणि नंबर त्यांच्याच वाकड्यातिकड्या अक्षरात होती. पहिला नंबर त्यांनी एकेक आकडा बघत लावला. घंटी वाजत राहिली. पाळीच्या वेळी बायकांचे फोन गेटवर जमा असतात, हे शेषरावांना ठाऊक होतं. तरी त्यांनी वहीचं पान बाईंसाठी धरून ठेवलं. बाईंनी दुसरा नंबर लावला.