पाच डोळ्यांचा पाहुणा

नामशेष झालेले प्राणी माझ्याकडे राहायला येतात. बेल वाजवतात, पाय असले तर पायपुसण्यावर पुसतात आणि आत येतात. त्यांचा मला काडीचा त्रास नाही. त्रास आहे तो त्यांना बघायला येणाऱ्या माणसांचा. कारण माणूस एखाद्या प्राण्याला ज्याच्यासारखा म्हणेल, तो प्राणी तसाच होऊन बसतो.

टास्मानियन वाघ आला तेव्हा सोसायटीचे चेअरमन पिसाळ वर आले. मी त्यांना पाठीवरचे पट्टे दाखवले, पिल्लांची पिशवी दाखवली. घाई करू नका, नीट बघून सांगा, असंही बजावलं. कऱ्हाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना मी जन्मभर हेच बजावत आलो. पिसाळ मोबाईलवरून नजर न काढता म्हणाले, "कुत्र्यासारखं आहे." झालं, पट्टे गेले. आता तो खाली वॉचमनच्या खुर्चीखाली अंग खाजवत पडलेला असतो.

समुद्रगाय गच्चीवरच्या टाकीत उतरली होती. कपडे वाळत घालायला आलेल्या पिसाळबाईंनी तिला म्हशीसारखी ठरवली. ती म्हैस जिन्याने उतरवताना अख्खी सोसायटी घामाघूम झाली आणि वर नोटीस मलाच आली. गाढवाला गुळाची चव काय!

माणसांवर हा नियम चालत नाही. मी पिसाळांना तोंडावर गाढव म्हणून पाहिलं. फरक पडला नाही. पडायला जागाच नसावी.

मग ओपाबिनिया आला. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला, बोटाएवढा. डोक्यावर पाच डोळे, पुढे लवचीक नळी आणि नळीच्या टोकाला चिमटा.

"माझ्यामागे आता कुणी येणार नाही," तो म्हणाला.

मी त्याला तांब्याच्या घंगाळात ठेवलं. एवढा सुंदर जीव मी पाहिला नव्हता. तो पाचही डोळ्यांनी माझ्याकडे बघायचा. बायको गेल्यापासून माझ्याकडे इतकं कुणीच बघितलं नव्हतं. याला मी कुणाच्या तोंडी पडू देणार नव्हतो, आणि तशी भीतीही वाटत नव्हती. पिसाळ आले, तोंड उघडून उभे राहिले आणि तसेच परत गेले. कुत्रं, मांजर, म्हैस, डुक्कर. एवढ्यावर त्यांच्याकडची जनावरं संपतात.

रविवारी वाईहून कुमुदवहिनी आल्या, माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. लाडवांचा डबा ओट्यावर ठेवून त्यांनी घंगाळापाशी पाट ओढला आणि बसल्या. एकेक डोळा बघितला. पाण्यात बोट घातलं तेव्हा तो मागे सरकला, तेही बघितलं. मला भरून आलं. इतक्या वर्षांत कुणीतरी नीट बघत होतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हा सगळ्यांकडे बघतो आणि कुणालाच जवळ येऊ देत नाही. अगदी तुमच्यासारखा."

पाणी सांडलं. घंगाळातून माझ्या उंचीचा, माझ्यासारखे खांदे पडलेला माणूस उठला. टॉवेल कुठे असतो ते त्याला ठाऊक होतं. तो टॉवेल गुंडाळून माझ्या खुर्चीत बसला. वहिनींनी त्याला भाऊजी म्हणून लाडू दिला. त्याने तो अर्धा खाल्ला, खूप गोड झालाय म्हणाला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे काय आहे?"

मी सांगायला गेलो, पण माझा आवाज त्याच्याकडे होता. वहिनींनी पाट माझ्याकडे वळवला.

"घाई करू नका," तो म्हणाला. "नीट बघून सांगा."

वहिनी नीट बघू लागल्या.