सहावी बाई

ऑफिसात तिला सगळे चौकशी म्हणत. तिचं कामच तसं होतं. कंपनी काही नवं बनवायला घ्यायची, की ही चार लोकांच्या घरी जायची, त्यांच्यासमोर बसायची आणि विचारत राहायची. हे कसं उघडता? इथं का अडलात? मग काय केलंत? लोक बोलायचे, ही ऐकायची. नाव कुणीतरी चिडवायला ठेवलं होतं, पण तिला ते आवडायचं.

या खेपेला गोळ्यांचा डबा होता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. वेळ झाली की डबा वाजणार, एक कप्पा उघडणार, आणि गोळी घेतली की लांब राहणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवर निरोप जाणार. चौकशीनं पाच घरं केली. पूर्वी पाच घरांचं बोलणं ऐकून, उतरवून, त्यातून अर्थ काढायला तीन आठवडे जायचे. आता बॉट होता. संध्याकाळी रेकॉर्डिंग त्याच्या हवाली करायचं, की सकाळच्या चहाला सगळं हजर: कोण काय म्हणालं, कुठं अडलं, कशाला वैतागलं. वर त्यानं प्रत्येक माणसाचं एक सोंगही तयार करून ठेवलेलं असायचं. त्या सोंगाला हवं ते विचारा, ते त्या माणसासारखं उत्तर देणार. पुन्हा कुणाच्या दारात जायला नको.

"तीन आठवड्यांचं काम दोन दिवसांत," मॅनेजर ज्याला त्याला सांगत सुटला होता. वयानं तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान, आणि घाई त्याच्या पाचवीलाच पुजलेली.

त्या सकाळी तो अहवाल हातात नाचवतच आला. "सहावी बाई जबरदस्त आहे हं! बाकीचे पाच नुसते 'छान आहे, छान आहे' करतात. ही एकटीच मुद्द्याचं बोलते. कुठून शोधलीस?"

"कोण सहावी?" चौकशी म्हणाली. "मी पाचच घरं केली."

तिनं अहवाल उघडला. पाच माणसं ओळखीची होती. त्यांच्याखाली सहावी नोंद: स्त्री, वय अंदाजे सत्तर, नवऱ्यासोबत राहते, डब्याबद्दल नाराज. पुढं तिच्या तोंडचं एक वाक्य, ठळक अक्षरात: 'डबा रिकामा झाला एवढंच यांना कळतं. गोळी कुणाच्या पोटात गेली ते कोण बघणार?'

चौकशीनं बॉटला विचारलं, ही बाई कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये आहे? उत्तर लगेच आलं. तिसरं घर, एकतिसावं मिनिट.

तिसरं घर प्रूफवाल्या काकांचं. काकांचा सारा जन्म छापखान्यात गेला होता, दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात. अठ्ठ्याहत्तर वर्षं, काठीसारखा ताठ माणूस, खिशाला अजून लाल पेन. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "मी एकटाच असतो. बायको जाऊन चौदा महिने झाले." घरात दुसरं कुणी नव्हतं. दोनच खोल्या, लपायला जागा कुठली?

एकतिसाव्या मिनिटाला काय झालं होतं ते तिला आठवलं. मॅनेजरचा फोन आला म्हणून ती बाहेर गॅलरीत गेली होती. रेकॉर्डर टेबलावर चालूच राहिला होता.

तिनं हेडफोन लावले. आधी दार लोटल्याचा आवाज आला, नंतर डब्याचा कप्पा उघडल्याचा. मग काका बोलले, अगदी हळू, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं.

"घेतो गं, घेतो."

मग काहीच नाही. बराच वेळ.

"बरं."

पुन्हा काही नाही.

"वाया कशाला घालवायची? तारीख आहे अजून तिच्यावर."

शांतता.

"ते उन्हानं होतं."

आणि आणखी एक शांतता. मग दार उघडल्याचा आवाज आणि तिचा स्वतःचा: "सॉरी हं काका, ऑफिसचा फोन होता."

आवाज वाढवून तिनं ते चार वेळा ऐकलं. काकांखेरीज चकार शब्द नव्हता. बॉटनं उतरवलेल्या कागदावर मात्र एकही जागा रिकामी नव्हती.

'घेतो गं, घेतो.'
'आधी पाणी बदल. कालचं आहे ते.'
'बरं.'
'आणि माझी कशाला घेतोस?'
'वाया कशाला घालवायची? तारीख आहे अजून तिच्यावर.'
'तुला गरगरतं तिनं.'
'ते उन्हानं होतं.'
'नको.'

अहवालातलं ते ठळक वाक्य तर रेकॉर्डिंगमध्ये नव्हतंच. ते सोंगाचं होतं. मॅनेजरनं काल बसल्या बसल्या सहाव्या बाईला विचारलं होतं, डब्यात काय खटकतं, आणि तिनं दिलेलं उत्तर बॉटनं अहवालात घातलं होतं.

बॉट सांभाळणारा इंजिनियर शेजारीच बसायचा. त्यानं कागद वाचून खांदे उडवले. "शांतता दिली ना, की हा भरतो. त्याला गप्प बसता येत नाही. एक बाजू ऐकली, दुसरी अंदाजानं ठोकून दिली. माझ्या सासूबाईही फोनवर असंच करतात." तो हसला. तीही हसली, पण तिला त्या दिवशीचं आठवलं. मुलाखत संपवून उठताना काकांनी टेबलाची कड घट्ट धरली होती, क्षणभर डोळे मिटले होते, आणि म्हणाले होते, "उन्हानं होतं."

दुसऱ्याच दिवशी दुपारी ती त्यांच्या घरी गेली. काका एकटे असताना बोललेलं तिच्याकडे आलं होतं, ते त्यांना सांगून पुसायला हवं होतं. कसं सांगावं याची वाटभर जुळवाजुळव केली, पण शेवटी गडबडीत कागदच त्यांच्यापुढं सरकवला. "काका, त्या दिवशी मी बाहेर गेले तेव्हा रेकॉर्डर चालू राहिला. माझी चूक. आणि यंत्रानं त्यात मनाचं काहीबाही घातलंय."

काकांनी चष्मा पुसला. खिशातलं लाल पेन काढलं. सवयीनं ओळींखाली बोट ठेवून ते वाचत गेले. त्यांना राग येईल, रडू येईल, असं तिला वाटत होतं. तसं काही झालं नाही. बोट शेवटच्या ओळीपर्यंत आलं आणि थांबलं. त्यांनी 'नको' हा शब्द खोडला, समासात खूण केली आणि नीट अक्षरात लिहिलं: 'पुरे'.

"बाकी बरोबर आहे," कागद परत देत ते म्हणाले. "एवढंच चुकलंय. ती नको म्हणाली नव्हती, पुरे म्हणाली होती. नको हा तिचा शब्दच नव्हे."

खोलीत पंखा फिरत होता, कोपऱ्यात शिलाई मशीन झाकून ठेवलेलं होतं, समोर एक रिकामी खुर्ची होती. खुर्चीकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि म्हणूनच सारखं तिकडं लक्ष जाऊ लागलं.

"काका," ती शेवटी म्हणाली, "'माझी कशाला घेतोस' म्हणजे काय?"

ते उठले, कपाटातून एक जुना पत्र्याचा डबा आणला. काकूंच्या गोळ्या. काकू गेल्या तेव्हा उरलेल्या, आणि नंतर दुकानातून जुन्याच चिठ्ठीवर आणलेल्या. रोज स्वतःची गोळी घेतली की काका यातलीही एक घ्यायचे. चौदा महिने.

"दोघांनी मिळून घ्यायची सवय होती," ते म्हणाले. "एकट्यानं घ्यायची म्हणजे हात पुढं होत नाही."

तिनं तिथूनच त्यांच्या लांब राहणाऱ्या मुलीला फोन लावला. मुलगी रात्रीच्या गाडीनं निघाली आणि सकाळी बापासमोर उभी राहिली. डॉक्टरांनी गोळ्या बघून कपाळावर हात मारला. म्हणाले, मज्जातंतूंच्या गोळ्या आहेत या, धडधाकट माणसाला नुसती चक्करच काय, भासही होतात. जिन्यावरून पडले नाहीत हे नशीब. पत्र्याचा डबा मुलगी सोबत घेऊन गेली.

चला, सुटलं एकदाचं, असं चौकशीला वाटलं. पण ऑफिसात सहावी बाई चालूच होती.

तिनं ती नोंद काढायला सांगितली होती. मॅनेजरनं काढली नव्हती. उलट सगळी टीम उठसूट तिलाच विचारत होती. रंग कोणता? अक्षर केवढं? खऱ्या माणसांची वेळ घ्या, दारात चपला काढा, चहाला नाही म्हणा. त्यापेक्षा हे बरं. कागदावरच्या चार ओळींतून बॉटनं अख्खी बाई उभी केली होती.

"ती खोटी आहे," चौकशी म्हणाली.

"खोटी, पण कामाची," मॅनेजर म्हणाला. "हे बघ, काल विचारलं, डबा कसा वाजायला हवा. तर म्हणते, 'वाजू नये. खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला तर तो वळून बघेल.' मला सांग, हे तुला सुचलं असतं?"

तिला सुचलं नसतं. खुर्चीबद्दल तिनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. कागदात तो शब्दच नव्हता. असेल, अंदाज असेल. म्हाताऱ्यांच्या घरी खुर्ची असायचीच. तिनं स्वतःची अशी समजूत घातली खरी, पण त्या दिवसापासून ऑफिसात मागं कुणी खुर्ची सरकवली की ती दचकायची.

पंधरा दिवसांनी सुधारलेला डबा दाखवायला ती पुन्हा काकांकडे गेली. या वेळी रेकॉर्डर त्यांच्यादेखत चालू केला. काका तब्येतीनं सुधारले होते. चालताना हात भिंतीला लागत नव्हता. चेहरा मात्र उतरलेला, आणि शर्टाचं वरचं बटण तुटलेलं.

"गोळ्या नेल्या तेव्हापासून ती बोललेली नाही," न विचारताच ते म्हणाले. मग म्हणाले, "तुमच्या ऑफिसात ती अजून बोलते का?"

नाही म्हणणं सोपं होतं. शब्द ओठांवर आलाही होता. पण लोकांना खरं विचारत फिरायचं हा जिचा धंदा, तिनं खोटं कोणत्या तोंडानं बोलावं?

"बोलते," ती म्हणाली. "म्हणजे ती नाही, काका. यंत्र बोलतं तिच्यासारखं."

"इथं आणता येईल?"

तिनं लॅपटॉप उघडला. काका खुर्ची ओढून जवळ आले, विद्यार्थ्यासारखे हात मांडीवर ठेवून बसले. "विचारा, निळी पिशवी कुठं ठेवलीस? बटणांची."

तिनं लिहिलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर उमटलं: 'कपाटात वरच्या फळीवर, उजव्या बाजूला बघ. जपून चढ हं.'

काकांनी ते वाचलं. उठले नाहीत. पडद्याकडे बघून त्यांनी मान हलवली.

"ही ती नव्हे. तिनं आधी विचारलं असतं, कशाला हवीय? आणि एवढ्या लवकर? उत्तर द्यायच्या आधी ती हातातलं काम पुरं करायची. चाळीस वर्षं मी वाट बघितलीय, तिचा वेळ मला ठाऊक आहे." मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमचं यंत्र वाईट नाही. बाईला बोलू मात्र देत नाही ते."

चौकशीनं लॅपटॉप मिटला. त्या हालचालीनं टेबल जरासं हललं आणि थांबलं. काकांनी तोंड वळवलं, तिच्याकडे नाही, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडेही नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अगं, निळी पिशवी कुठंय? शर्टाचं बटण तुटलंय."

आणि थांबले.

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. दारात कुणी नव्हतं, आवाज नव्हता, काही नव्हतं. काकांचं डोकं किंचित कललेलं होतं, कान दिल्यासारखं.

"बरं," ते म्हणाले.

ते उठले आणि सरळ कोपऱ्यात गेले. शिलाई मशीनवरचं कापड बाजूला केलं, खालचं फळकुट उचललं, आत हात घातला. निळी पिशवी बाहेर आली. ती टेबलावर ठेवून त्यांनी शर्टाच्या रंगाचं बटण शोधायला घेतलं. "सुई ओवून द्याल का? मला दिसत नाही आता." आठवलं असेल त्यांना, तिनं मनाशी म्हटलं. तिनं सुई ओवायला घेतली. दोरा चौथ्या वेळी गेला.

ऑफिसात परतल्यावर तिनं मॅनेजरच्या समोर बसून सहावी नोंद पुसली. तो चिडला, म्हणाला, अहवाल आता पांगळा झाला. "पाच घरं केली, अहवालात पाचच माणसं जातील," ती म्हणाली. पण खालच्या बाजूला तिनं स्वतःच्या शब्दांत एक ओळ घातली: घरात कुणा वारलेल्या माणसाची औषधं उरलेली आहेत का, हे डबा देण्याआधी विचारावं. तेवढी ओळ मात्र वरपर्यंत मान्य झाली.

"आजचं रेकॉर्डिंग टाक ना बॉटला," मॅनेजर जाता जाता म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

तिनं टाकलं नाही. हेडफोन लावले, वही घेतली आणि कानानं ऐकून हातानं उतरवायला बसली. चाळीस मिनिटांच्या बोलण्याला अख्खी दुपार गेली. बटणाच्या प्रश्नाशी आल्यावर तिनं काकांचं वाक्य लिहिलं, पेन थांबवलं, घड्याळ लावलं. 'बरं' येईपर्यंत एकोणीस सेकंद गेले. पुन्हा मागं नेऊन मोजले, तेवढेच.

वहीत तिनं कंसात एकोणीस सेकंद असं लिहिलं. पुढं शांतता हा शब्द लिहायची पद्धत होती. तो काही तिला लिहवेना.